कातळ नव्वद, माती दहा

सही कुठे करायची हे दाखवणाऱ्या पिवळ्या चिकट चिठ्ठ्या त्या आठवड्यात ऑफिसातून संपल्या होत्या. केवळ त्यामुळे चाळणीताईंनी आपलाच अहवाल सहा वर्षांत पहिल्यांदा शेवटच्या पानापर्यंत उलटला.

ताईंचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. माती तपासणीच्या खोलीत चौतीस वर्षं मातीच चाळत बसलेल्या बाईला दुसरं कोण काय म्हणणार? नवा माणूस आधी मागून म्हणायचा, मग तोंडावर म्हणायचा, आणि ताई दोन्ही वेळा ऐकायच्या. त्यांचं काम सोपं होतं. कुठे इमारत व्हायची असली की तिथे खड्डे घ्यायचे, खालची माती हातात घ्यायची, डब्यात घ्यायची, दाबायची, भिजवायची, वाळवायची, आणि शेवटी एक आकडा सांगायचा : इथली जमीन चौरस मीटरला इतके टन वजन सोसेल. त्या आकड्यावरून भिंतीखालची काँक्रीटची सलग पट्टी किती रुंद घालायची ते ठरायचं. जमीन दणकट असेल तर अरुंद पट्टी चालते, मऊ असेल तर पाय पसरून उभं राहावं लागतं. यात न कळण्यासारखं काही नाही, असं ताईंचं मत होतं.

तर शेवटचं पान. सही करायची जागा शोधत त्या पानं उलटत होत्या आणि बोट मध्येच थांबलं. ‘जमिनीची भारक्षमता : पन्नास टन.’

ताईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पन्नासच होतं.

हा अहवाल नव्या दवाखान्याचा. दोन मजली, अठ्ठावीस मीटर लांब. जागा उताराची. वरच्या अंगाला ताईंनी दोन खड्डे घेतले होते, तिथे हातभर खोलीवर कातळ लागला. खालच्या अंगाला दोन घेतले, तिथे कधीकाळी ओहोळ असणार. काळी चिकट माती, बोट खुपसलं तर पेरभर आत जाईल अशी, ती थेट साडेतीन मीटर खोलीपर्यंत. पहिल्या पानावर ताईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : कातळ नव्वद, माती दहा. पन्नास टन सोसणारी जमीन त्या सबंध आवारात वीतभरसुद्धा नव्हती.

त्या अहवाल काखेत मारून थेट रकानेकाकांच्या टेबलापाशी गेल्या. रकानेकाका म्हणजे फॉर्म भरणारे कारकून. फॉर्म कागदावर होता तेव्हाही तेच भरायचे, आता संगणकात आला तरी तेच भरत होते.

“काका, हे पन्नास कुठून आलं?”

“संगणकातून.”

“आणि संगणकात?”

“तो साहेबांचा विषय. मी फक्त रकाने भरतो.” काकांनी खुर्ची वळवली. “हे बघा ताई, भारक्षमता, रकाना एक. आणि तुमचे आकडे दोन. आधी मी मध्ये आडवी रेघ देऊन दोन्ही टाकले, तर रकाना लाल झाला. मग म्हटलं स्वल्पविराम देऊन बघू. तर नव्वद आणि दहा मिळून नऊ हजार दहा टन झाले.”

“मग?”

“हिरवा झाला. पण मलाच भीती वाटली. म्हणून साहेबांना विचारलं, ते म्हणाले, मधला काढा.”

“मधला काढा?” ताईंचा आवाज खाली गेला. त्यांचा आवाज खाली गेला की आजूबाजूचे लोक कपाटं उघडून आत काहीतरी शोधू लागायचे. “काका, तुमची उंची आणि तुमच्या नातवाची उंची घेऊन मधल्या मापाचा सदरा शिवला, तर तो तुमच्या घरात कोणाला होईल?”

काकांनी जरा विचार केला. “कोणालाच नाही. पण रकाना एकच असेल तर तोच शिवावा लागेल, ताई.”

साहेबांचं दार ताईंनी वाजवलं नाही. तो हक्क त्यांनी साहेब आठ महिन्यांचे असतानाच कमावला होता. साहेब म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. आई कामावर गेली की मावशीच्या मांडीवर वाढलेला, मावशीच्या चाळण्या घेऊन पाण्याच्या पिंपात पोहायला सोडलेला, आणि आता पस्तिशीत उपअभियंता होऊन काच बसवलेल्या टेबलामागे बसलेला. घरी त्याला ढब्या म्हणायचे. ऑफिसात दार उघडं असलं की ‘साहेब’ आणि ‘मॅडम’, दार लागलं की ‘ढब्या’ आणि ‘मावशी’, असा दोघांचा अलिखित करार होता. ताईंनी दार लावलं.

“पन्नास कोणी लिहायला सांगितलं?”

“बस ना मावशी.”

“उभी बरी आहे. भिंतीचा भार किती?”

“मीटरला पंधरा टन.”

“पट्टी किती रुंद धरलीस?”

“साठ सेंटीमीटर.”

“सगळीकडे?”

“सगळीकडे.”

“म्हणजे चौरस मीटरला पंचवीस टन. माती सोसते दहा. तिथे पट्टी दीड मीटर रुंद हवी. हे तू दहावीत असताना सोडवलं असतंस.”

भाच्याने पेन उघडलं, बंद केलं. तो मूर्ख नव्हता, हीच तर ताईंची तक्रार होती. “मावशी, ऐक. तुझ्या दहामध्ये तिपटीची राखीव ताकद धरलेली असते. माती फाटायची म्हटली तर तीस टनांना फाटेल. आपण पंचवीस टाकतोय. पाच शिल्लक आहेत.”

“फाटणार नाही. बसेल. मऊ गादीवर माणूस बसतो तशी बसेल, वर्ष-दोन वर्षं, हळूहळू. आणि कातळावरचा भाग केसभरही हलणार नाही. मग मधली भिंत कोणाचं ऐकेल?”

भाच्याने टेबलावरचा नकाशा पुढे ओढला.

“खालच्या टोकाला कुठली खोली आहे?”

“बाळंतपणाची.”

“का?”

“तिकडे उजेड चांगला येतो.”

“आणि जिना?”

“तिकडेच.” मग एकदम, घाईघाईने : “परवा सकाळी काँक्रीट यायचंय. गाडी सांगून ठेवलीय. शुक्रवारी बढतीची यादी निघतेय आणि वेळेत सुरू झालेली कामं बघतात, दुसरं काही बघत नाहीत. मी तरी काय करू? फॉर्ममध्ये एकच रकाना आहे. तुझ्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. आजवर कधी शेवटचं पान वाचलं नाहीस, याच वेळी का…”

तो थांबला. पण शब्द बाहेर पडून टेबलाच्या काचेवर बसला होता, दोघांच्या मध्ये.

“आजवर,” ताई म्हणाल्या.

“तसं नाही म्हणायचं मला.”

“लहानपणी माती खायचास. मला वाटलं होतं तेवढ्यात हौस फिटली असेल.” त्यांनी अहवाल काखेत घेतला. “सही मिळणार नाही. सहीशिवाय ओतलंस तर ते तुझ्या एकट्याच्या नावावर.”

संध्याकाळी धाकटी बहीण आली. तिला चप्पल काढायचाही धीर नव्हता. दारातूनच म्हणाली, “ताई, एक सही. एवढीशी. तुझं नाव लांब असतं तर गोष्ट वेगळी.”

“आत ये, मग भांड.”

“भांडायला नाही आले. मला एवढंच सांग, ते पडेल का?”

“पडणार नाही.”

“मग?”

“तडकेल.”

“मग बुजवतील की. माझ्या स्वयंपाकघराची भिंत बारा वर्षं तडकलीय, मी मेले का?”

“तुझ्या स्वयंपाकघरात कोणी बाळंत होत नाही. दाराची चौकट तिरकी होते, खिडकी अडकते, नळ जोडावर तुटतो. जिना भिंतीपासून सुटतो. एखाद्या बाईला स्ट्रेचरवरून आत न्यायचंय आणि दार उघडत नाही, अशी खोली आहे ती.”

बहीण स्टुलावर बसली. बसताना पदर सावरला तो तसाच हातात धरून राहिली. “त्याला तूच शिकवलंस. मोजपट्टी तू दिलीस हातात. आता वर चढायची वेळ आली तर शिडी तूच ओढतेस.”

ताईंना उत्तर सुचलं होतं, पण ते बहिणीला द्यायचं नव्हतं. शिडी कशावर टेकवलीय ते आधी बघावं, एवढंच त्या पोराला शिकवायचं राहून गेलं, असं ते उत्तर होतं. तोंडात सुपारी धरावी तसं ते उत्तर त्या रागाने धरून बसल्या. बहीण निघाली तेव्हा ना ती ‘येते’ म्हणाली, ना ताई ‘ये’ म्हणाल्या.

काँक्रीट यायचं त्या सकाळी ताई साडेसातलाच जागेवर होत्या. पायाचे चर खणून तयार, कडा सरळ, तळ झाडलेला. मुकादम दोरी ताणत होता. जाडजूड, हसरा, कानावर पेन्सिल.

“मुकादम, एक पहार द्या.”

“ताई, मी मारून दाखवतो, तुम्ही कशाला.” त्याने वरच्या टोकाला चरात उतरून पहार आपटली. खण्ण झालं आणि पहार उलट उडाली. मग अठरा-एकोणीस मीटर चालत खाली गेला आणि नुसती सोडली. आवाजच आला नाही. पहार चांगली वीतभर आत गेली आणि उभी राहिली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून. वर खणायला चार दिवस लागले, खाली अर्धा दिवस. खणणाऱ्या बाया म्हणत होत्या, मुकादम, इकडे तर लोणी आहे.” तो हसला, मग ताईंचा चेहरा बघून हसू आवरलं. “पण कागदावर दोन्हीकडे सारखंच म्हटल्यावर आम्ही कोण बोलणार? वर शिकलेली माणसं आहेत म्हणून गप्प बसलो.”

ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. सवयीने त्यांनी मनात यादी मांडली. मुकादमाला माहीत. खणणाऱ्या सहा बायांना माहीत. रकानेकाकांना माहीत. साहेबांना माहीत. आणि पहिल्या पानावर आपल्याच अक्षरात लिहिल्यामुळे आपल्याला माहीत. दहा माणसांना खरं ठाऊक आणि एकाचाही आकडा पन्नास नाही. सगळ्या आवारात पन्नासवर विश्वास ठेवणारा एकच होता, तो रकाना, आणि काम चाललं होतं त्याच्या हुकमाने.

आठ वाजता भाचा आला, आणि त्याच्या मागोमाग काँक्रीटची गाडी, पिंप गरगर फिरवत. चालकाने खिडकीतून विचारलं, “कुठून सुरू करू?”

“थांब,” ताई म्हणाल्या. भाच्याला म्हणाल्या, “खाली उतर.”

“मॅडम, लोक बघतायत.”

“बघू देत. बूट काढलेस तर बरं.”

तो बूट न काढता उतरला. मुकादमाची पहार तशीच उभी होती. ती उपटायला त्याने हात लावला आणि ती एका हाताने, अगदी विनातक्रार, वर आली. भोकात पाणी चमकलं. तो त्या भोकाकडे बघत राहिला.

“मला माहीतच होतं, मावशी,” तो हळू म्हणाला. लोकांसमोर ‘मावशी’ म्हणाल्याचं त्याच्या लक्षात आलं नाही.

“माहीत आहे मला, तुला माहीत होतं ते. त्याचाच राग आहे. माहीत नसतं तर शिकवलं असतं.”

“पण करू काय? दोन आकडे लिहायला जागा नाही. वरच्या ऑफिसाला तीनदा कळवलंय की रकाना वाढवा. उत्तर आलं, एका इमारतीला एक आकडा.”

ताई चराच्या काठावर बसल्या होत्या, पाय आत सोडून. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं. कातळ कुठे संपतो ते चराच्या कडेवरच दिसत होतं : सतरा मीटरवर करडी रेघ खाली बुडत होती आणि काळी माती सुरू होत होती.

“एका इमारतीला एक,” त्या म्हणाल्या. “मग इमारती किती?”

“एक.”

“कोणी सांगितलं? ह्या रेघेवर भिंत कापून टाक. पायापासून छपरापर्यंत, दोन बोटांची फट. इकडची सतरा मीटरची इमारत कातळावर, साठ सेंटीमीटर पट्टी. तिकडची अकरा मीटरची मातीवर, दीड मीटर. ती खाली बसायची तेवढी बसेल, एकटीच, हिला ओढणार नाही. पाण्याच्या नळाला मध्ये लवचीक तुकडा घाल. असं तुझ्या पुस्तकातही असतं. फरक एवढाच की पुस्तकात त्याला सांधा म्हणतात आणि तुझ्या फॉर्ममध्ये आपण त्याला दोन इमारती म्हणू.”

भाच्याने ओठ हलवत काहीतरी मोजलं. मग चेहरा उतरला. “दोन नकाशे नव्याने. खालचं काम आठ-दहा दिवस मागे. शुक्रवारच्या यादीत…”

त्याने वाक्य पुरं केलं नाही आणि ताईंनी ते पुरं करून घेतलं नाही. गाडीचं पिंप फिरत होतं. चालकाने हॉर्नवर हात ठेवला आणि मुकादमाने त्याच्याकडे बघून मान हलवली, तेव्हा काढला.

“साहेब,” चालक म्हणाला, “तासभर थांबलो तर माल घट्ट होईल. मग घरी न्यावा लागेल.”

भाचा चरातून वर आला. बुटांना काळी माती अशी धरली होती की तो एकदम इंचभर उंच दिसत होता. “वरच्या टोकापासून ओत,” तो म्हणाला. “सतरा मीटर. त्यापुढे एक फावडंही नाही. मुकादम, तिथे फळी उभी करा. आणि खालचा चर दीड मीटर रुंद करायला घ्या.”

मुकादमाने कानावरची पेन्सिल काढून हवेतच एक रेघ मारली. “आता कसं,” तो म्हणाला, आणि बायांना हाक मारायला गेला.

दुपारी रकानेकाकांनी दोन फॉर्म भरले. इमारत पहिली, नव्वद. इमारत दुसरी, दहा. दोन्ही हिरवे झाले. काकांनी टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली. ताईंनी दोन्ही शेवटची पानं वाचली, मग पहिली वाचली, मग पुन्हा शेवटची, आणि सह्या केल्या.

मोठ्या साहेबांना कळलं तेव्हा ते आधी भडकले आणि मग, हिशेब लक्षात आल्यावर, खूश झाले. वर्षाच्या अहवालात त्यांच्या विभागाची एक इमारत वाढली होती. त्यांनी खालच्या सगळ्या कार्यालयांना पत्रक काढलं : उताराच्या जागी दोन इमारतींची पद्धत वापरावी. कातळ आणि माती हे शब्द पत्रकात कुठेही नव्हते. ते वाचून ताईंना दवाखान्याच्या वेळी आला होता त्याहून जास्त राग आला. खरं बोलायचं तर त्याला आधी खोट्याचे कपडे घालून आणा, हाच जर नियम असेल तर माती कशाला तपासता, असं त्या जेवणाच्या सुट्टीत तीन वेगवेगळ्या टेबलांवर म्हणाल्या. तिन्ही टेबलांवर माना डोलल्या. डोलणाऱ्या मानांवर पाया घालता येत नाही.

शुक्रवारी यादी लागली. भाच्याचं नाव नव्हतं. बहिणीचा फोन आला नाही.

सोमवारी भाचा माती तपासणीच्या खोलीत आला आणि चाळण्यांच्या मांडणीला टेकून उभा राहिला. “झालं ना आता तुझ्या मनासारखं?” सुरात खोच होती, पण फार नव्हती.

“अजून नाही.” ताईंनी खणातून आपली वही काढली. खड्ड्यांची वही. प्रत्येक जागा, प्रत्येक खोली, प्रत्येक मातीचा रंग. “तू त्या दिवशी म्हणालास, आजवर. तेव्हापासून मी मागची पानं बघतेय. हा फॉर्म येऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षांत मी दोन आकडे दिले अशा जागा किती, ते काढलं.”

“किती?”

“दवाखाना धरून चार. तीन उभ्या राहिल्यात. तिन्हींच्या शेवटच्या पानावर माझी सही आहे. पिवळी चिठ्ठी जिथे होती बरोबर तिथे.” त्यांनी वही त्याच्याकडे वळवली. “एक तुझ्या काळातली आहे. दोन तुझ्या आधीच्या साहेबांच्या. माझ्या सगळ्याच.”

भाच्याने वाचलं. पहिली जागा शाळा होती.

शाळा चालत वीस मिनिटांवर. मुख्याध्यापिकाबाईंनी दोघांना चहा विचारला, ताईंनी नको म्हटलं आणि वहीत बघून विचारलं, “मागच्या भिंतीला, जिन्यापासून साधारण पाच मीटरवर काय आहे?”

“काही नाही. सूचनाफलक आहे.”

फलक मोठा होता, दारापेक्षा उंच, त्यावर वेळापत्रकं आणि मागच्या वर्षीच्या स्पर्धेतल्या मुलांचे फोटो. एवढा मोठा फलक एवढ्या अंधाऱ्या जागी का लावला, असा प्रश्न कोणालाही पडावा. ताईंना पडला नाही.

“काढायला मदत कर,” त्या भाच्याला म्हणाल्या.

दोघांनी फलक उचलून खाली ठेवला. मागे भेग होती, जमिनीपासून छतापर्यंत, पायरी-पायरीने चढत गेलेली. तीन वेगवेगळ्या रंगांचा गिलावा त्यात भरलेला आणि तिन्ही पुन्हा फाटलेले. ताईंनी करंगळी आत घातली. दुसऱ्या पेरापर्यंत गेली.

“दर सुट्टीत भरून घेतो आम्ही,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “रंगही देतो. पालक घाबरतात ना, म्हणून फलक. काही विशेष नाही ना?”

“विशेष आहे,” भाचा म्हणाला. ताईंनी त्याच्याकडे बघितलं. तो भेगेकडे बघत होता. “आमची चूक आहे, बाई. आम्ही जमिनीची सरासरी काढली होती. ह्या टोकाचे दोन वर्ग उद्यापासून दुसरीकडे बसवा. पत्र मी आजच देतो, माझ्या सहीने.”

ताईंनी पिशवीतून बोटभर रुंद काचेची पट्टी काढली आणि डबीतला गिलावा कालवून पट्टी भेगेवर आडवी चिकटवली, एक टोक इकडच्या भिंतीवर, एक तिकडच्या. भिंत अजून सरकत असेल तर काच तुटेल, मग कोणाला विचारायला नको. शेजारी पेन्सिलीने तारीख घातली. तारखेखाली आपलं नाव लिहिलं, पगारपत्रकातलं, पूर्ण. पेन्सिल पुढे केली. भाच्याने खाली आपलं लिहिलं.

“फलक परत लावून घेऊ ना?” मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

“नको,” ताई म्हणाल्या. “दिसू दे.”

मग त्यांनी वहीत दुसऱ्या जागेचा पत्ता बघितला, आणि भाच्याला विचारलं की त्याची गाडी कुठे लावलीय.